मासोळीचा डबा

कामिनी बेटा,

मी पवनीले लेकीकडे चाललो, चार दिवसांनी येईन.

आपल्या भुऱ्या कुत्र्याच्या खाण्याचं तुले काय सांगू. दोन उकडलेले अंडे, बिनमिठाचं चिकन अन् मोजून भात, तेही धानाच्या बांधीतले रानडुक्कर हाकलून आल्यावर, तासभर दम खाल्ल्यावरच. हे तुले जनावराच्या डॉक्टरनं सांगतलं अन् तू मले. मी जलमभर शिकारी कुत्रे पाळले, अन् सून मले शिकवते, हे झोंबलं.

परवा तो डुकराच्या मागं धावता धावता ओकला अन् बांधीच्या पारीवर आडवा झाला, तवा मी साऱ्यांसमोर म्हटलं का सुनेच्या अंड्यानं झालं. ते खोटं होतं. निघाच्या आधी मीच त्याले गोठ्यामागं नेऊन पोटभर शिळा भात अन् वाळली मासोळी चारली होती. पंधरा दिवसांपासून रोज चारत होतो. तो माह्या हातचं खाईन तं पहिल्यासारखा माह्यामागं येईन, असं वाटलं. माह्या एका हाकेवर उठणारा कुत्रा आता तुह्या बांगड्या वाजल्या का कान उभे करते, हे मले पाहवत नव्हतं.

मासोळीचा डबा धानाच्या कोठीमागं आहे, फेकून देजो. मंगेशले काय सांगाचं ते तूच ठरव. तुह्या नवऱ्यासमोर बोलाची माही हिंमत नाही, म्हणून लिहून राहिलो.

मी आलो का एक वेळची थाळी भुऱ्यासमोर मले ठेवू दे. माप तूच टाकजो.

अन् तेवढा वेळ तू घरातच राहजो, बांगड्या नको वाजवू.

मामाजी