शोभाबाईंच्या तोंडावरचा ड्रेप

गुरुवार, संध्याकाळ

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी शोभाबाईंच्या चेहऱ्यावर निर्जंतुक निळा ड्रेप, डोळ्यापुरतं भोक असलेलं कापड, टाकला आणि त्या किंचाळल्या, "माय, मना तोंडवर काही टाकू नको!" आवरायला गेले तर हाताला कचकन चावल्या. रक्त आलं. मला राग का नाही आला? रडत म्हणाल्या, नवरा तोंडावर उशी दाबतो.

डॉक्टर थांबले. नवा ड्रेप लावला, मी तो खालून, तोंडापासून उचलून धरला. चावलेला हात ठणकत होता, पण ऑपरेशन नीट झालं.

बाहेर नवरा, नाटकं केली म्हणून धमकावत, त्यांच्यावर गुरकावला, "नाटकं कयात ना? घर चाल, दाखाडस तुले!" नर्स असूनही मी त्याला भिंतीवर ढकललं. डोकं आपटलं त्याचं. करू दे तक्रार.

शोभाबाईंना सोबत आलेल्या त्यांच्या बहिणीबरोबर तिच्या गावी, बारडोलीला, जाणाऱ्या बसमध्ये बसवलं. नवरा धावत आला, तोवर बस सुटली होती.