डावा खांदा

९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. माझा ताप उतरला, खोकला तेवढा जुन्या भाडेकरूसारखा ठाण मांडून बसलाय. काळजी करू नकोस आणि कृपा करून पुन्हा औषधाची बाटली पाठवू नकोस. मागची वाटेत फुटली आणि टपालवाल्याने मलाच चार शब्द सुनावले.

आता कामाचं. तुमच्याकडच्या त्या मोठ्या नाटक कंपनीच्या कपडेपटात कटिंग मास्तरची जागा निघाली आहे. ज्याला हवी त्याने स्वतः बेतून शिवलेला एक कपडा पाठवायचा. ते लोक कपडा पुतळ्यावर बघत नाहीत, जित्याजागत्या माणसाच्या अंगावर बघतात. ताई, मला ही जागा हवी आहे. इथे कारखान्यात मी दिवसभर गणवेशांना खिसे लावते, नुसते खिसे. तिथे माझं स्वतःचं टेबल असेल, आणि तुझ्यापासून मी दोन गल्ल्यांवर असेन. तुझ्या जवळ, पण अण्णांच्या हाताखाली नाही. एवढंच मागणं आहे माझं.

मी एक कोट शिवलाय. बसने खोकं पाठवतेय, ते तसंच, न उघडता, शुक्रवारी त्यांच्या हॉलवर नेऊन दे. अण्णांना दाखवू नकोस. आपल्या दुकानातून त्यांचा शेवटचा हात फिरल्याशिवाय एक रुमालही बाहेर जात नाही हे मला ठाऊक आहे, पण हा कपडा दुकानातला नाही. आणि रविवारी तू स्वतः हॉलवर जा. मला सुट्टी देत नाहीत. तिथे तुला एक काम सांगतील, ते मुकाट्याने कर. काय ते विचारू नकोस, मी सांगणार नाही.

तुझ्या वेणीला आता हिसडा देता येत नाही म्हणून पत्रातूनच देते. माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


१६ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

बाई गं, तू थोडक्यात वाचलीस! बसवाल्याने खोकं आणून आदळलं ते नेमकं अण्णांच्या पायाशी. मी काही बोलायच्या आत त्यांनी दोरी कापली. कोट टेबलावर पसरला आणि आम्हा दोघांच्या तोंडचं पाणीच पळालं. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली, डाव्या बाजूची कॉलर बुटकी, पाठीची मधली शिवणही एका अंगाला कललेली. मी म्हटलं, अण्णा, पोरीने तापात बेतलंय. तसाच गेला असता तर तुझं हसं झालं असतं आणि आपल्या घराण्याचंही.

मग काय, दुकान दोन दिवस बंद. मी उसवलं, अण्णांनी बेतलं. डोळ्यांमुळे त्यांनी कात्री खाली ठेवली होती ना, ती परत उचलली. उजवीकडचं जास्तीचं कापड छाटून दोन्ही खांदे असे सारखे केले की बघत राहावं. बाप असून तू गेल्यापासून त्यांनी तुझं नाव घेतलं नव्हतं. पण इस्त्री करताना आपण होऊन म्हणाले, कापड छान निवडलंय हिने. मी आत जाऊन डोळे पुसून आले.

आज खोकं हॉलवर दिलं. आता निर्धास्त राहा, आणि आभारबिभार मानत बसू नकोस. रविवारी अण्णाही येतो म्हणतात. नवा सदरा काढून ठेवलाय त्यांनी, मी बघितलं हे त्यांना माहीत नाही.

जेवत जा वेळेवर. आठवण ठेव.

तुझी,
ताई


१९ जानेवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

कसं लिहू कळत नाही. जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

तिथे गेल्यावर एका बाईने मला पडद्यामागे नेलं, अंगातला कपडा उतरवून त्यांची पातळ बंडी दिली आणि त्यावर तोच कोट चढवला. मी म्हटलं, काहीतरी घोटाळा होतोय, मी नुसती बहीण आहे. ती म्हणाली, अर्जात कपडा घालणारी म्हणून तुमचंच नाव आहे, हा कोट तुमच्यासाठीच शिवलाय. मग मला स्टेजवर उभं केलं, एवढ्या माणसांपुढे. डावीकडे कोट मोकळा पडत होता, मानेपाशी उघडा राहत होता, पाठीवर या एवढाल्या चुण्या. मी सरळ उभी राहायची ती धडपड केली, पण जितकं ताठ व्हावं तितकं ते वाईट दिसत होतं. परीक्षक बाई माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, शिलाई अव्वल आहे, पण माप घेतलेलंच नाही. अण्णा खालून ओरडले की मुलगी वाकडी उभी राहिलीय. सगळे हसले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तू का नाही सांगितलंस, तो माझ्यासाठी आहे म्हणून? एक ओळ लिहायला काय झालं होतं?

ताई


२४ जानेवारी

ती. ताईस,
न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. आधी नंतरचं वाचलं, मग आधीचं. मग मी कारखान्यात गेलेच नाही.

का नाही सांगितलं? तुला अचानक सुख द्यायचं होतं म्हणून. आणि खरं सांगू? सांगितलं असतं तर तू अण्णांना विचारलं असतंस, मला माहीत आहे. तुला पाणी प्यायचं तरी तू त्यांच्या तोंडाकडे बघतेस.

ताई, तो कोट तापात बेतलेला नव्हता. तो तुझा खांदा होता. आई गेल्यावर मी तुझ्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसून वाढले. समोर कायम तुझी पाठ. डाव्या हाताने कापड पुढे सारता सारता तो खांदा कसा खाली उतरत गेला, ते मी पाहिलंय. मापाची टेप न लावता मी तो बेतला, आणि तो बरोबर होता. शपथेवर सांगते, मुंगीएवढीही चूक नव्हती त्यात. जगातला एकच कोट तुझ्या अंगावर ओढाताण न होता बसला असता, आणि तुम्ही तो बसून, मन लावून, प्रेमाने बिघडवलात. तूच उसवलास! स्वतःचा खांदा हातात घेऊन तुला तो ओळखू आला नाही? अख्ख्या गल्लीच्या कमरा आणि गळे तोंडपाठ आहेत तुला.

छाटलेलं कापड जोडता येत नाही, त्यामुळे कोट परत पाठवू नकोस. त्याऐवजी तूच निघून ये. मी सगळं ठरवलंय. माझ्या खोलीत दुसरी खाट मावते, कारखान्यात मुकादमाशी बोलून ठेवलंय. महिन्याभरात दुकान सोड. त्या घरात राहिलीस तर तुझा दुसरा खांदाही जाईल.

राग आहे, पण माया त्याच्या खाली आहे, एवढं समज.

तुझी,
भिंगरी


२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तू मला लिहीत नाहीस, म्हणून मीच लिहितो. अक्षर वेडंवाकडं आलं तर सांभाळून घे, दिसत नाही.

तुझं पत्र आल्यापासून तुझी ताई माझ्याशी बोलत नाही. तुझं वाचून ती आरशापुढे उभी राहिली, तर खांदे सारखेच. तिला वाटलं तू काहीही लिहितेस. मग कात्रीने अंगातल्या कपड्याचा खांदा उसवला, तर आतून कापूस निघाला. मग कपाट उघडून एकेक कपडा फाडला. कटिंगच्या टेबलावर कापसाचा ढीग झाला. गिऱ्हाईक दारातून परत गेलं.

होय, मीच घालत होतो. ती कपडे शिवून माझ्याकडे शेवटचा हात फिरवायला देई, तेव्हा डाव्या खांद्यात एक थर भरत होतो. खांदा उतरत गेला तसा थर वाढवत गेलो. तिला बोललो नाही. कशाला बोलायचं? तिला वाईट वाटलं असतं. माणूस कसाही असो, कपड्यात तो सरळ दिसला पाहिजे, त्यालाच शिंपीकाम म्हणतात. वाकड्या माणसाला वाकडा कपडा शिवायला अक्कल लागत नाही. तो कोट तिचा आहे हे माझ्या डोक्यात आलं असतं, तर तिथेही थर घातला असता, आणि जागा तुला मिळाली असती.

तू तिला समजावून लिही. तुझं ऐकते ती. मी म्हातारा झालो, मला घरात अबोला सोसत नाही.

सुखी राहा.

अण्णा


११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

समजूत घालणारं तुझं पत्र आलं. अण्णांनी काय लिहिलं असेल ते त्यावरूनच कळलं. आता तू नीट ऐक, कारण मी हे एकदाच लिहिणार आहे.

समजूत घालता घालता तू म्हणतेस, अण्णांनी वर्षानुवर्षं मला फसवलं. फसवलंच. माझ्या अंगाला काय झालंय हे त्यांना ठाऊक, तुला ठाऊक, कदाचित समोरच्या इस्त्रीवाल्यालाही ठाऊक असेल, आणि माझं मलाच नाही. मशीन बदलून घेतलं असतं, बसायची उंची बदलली असती, निदान रात्री दुखतं ते कशाने, एवढं तरी कळलं असतं. त्यांनी कापूस घातला आणि मी आपली बसून राहिले. याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही. करेन की नाही, माहीत नाही.

पण तुझी गोष्ट काय वेगळी आहे गं? स्टुलावर बसून तू सगळं बघत होतीस. एकदा तरी म्हणालीस, ताई, तुझा खांदा उतरतोय, जरा ऊठ? नाही. तू तो मनात मोजून ठेवलास. मग तुला नोकरी हवी झाली तेव्हा तो बाहेर काढलास, आणि माझा वाकडा खांदा चारचौघांत मिरवायचं परस्पर ठरवून टाकलंस. कोट बरोबर बसला असता तर लोकांनी वाहवा केली असती, कबूल. कशाची केली असती? तुझ्या नजरेची. आणि मी तिथे उभी राहून काय दाखवत होते, हे मला तेव्हा कळलं असतं, सगळ्यांच्या नंतर. अण्णांनी झाकला, तू उघडा केलास. मला दोघांनीही विचारलं नाही. आणि आता पुन्हा, खाट ठरली, मुकादम ठरला, महिनाही ठरला!

मी येत नाही. अण्णांना दिसत नाही म्हणून नाही, आणि तुझा राग म्हणूनही नाही. मला कुठे जायचंय ते मला अजून माहीत नाही, आणि ते माहीत होईपर्यंत मला कुणी हलवायचं नाही. अण्णांना सांगितलं, यापुढे माझ्या कपड्यावर तुमचा हात फिरणार नाही. ते म्हणाले, लोक बघतील. मी म्हटलं, बघू देत.

कापूस काढलेलेच कपडे घालते सध्या. डावी बाही बोटांपर्यंत उतरते, मशीनवर अडकते, गिऱ्हाइकं खांद्याकडे बघून नजर चोरतात. रोज लाज वाटते. अण्णा दोनदा सुई घेऊन पुढे आले, दोनदा मी त्यांना मागे पाठवलं. ती बाही मीच आखूड करीन, माझ्या मापाने, मला सवड होईल तेव्हा.

तू मला इतक्यात लिहू नकोस. लोभ आहे, तो काही गेलेला नाही. पण मला पत्र हवंसं वाटलं की मी कळवीन.

तुझी,
ताई