सौ.चा एकच शब्द

ता. २ फेब्रु.
श्री. जिच्या कृपेवाचून स्तुतीही मुकी राहते, त्या वाग्देवतेस वंदन करून लिहितो. अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून सौ.चा उजवा हात लुळा आहे आणि वाचा बंद. समजते सर्व, ओठांवर काही येत नाही. डॉक्टर म्हणतात, वाणी परतेल, किती ते सांगता येत नाही. आजपासून प्रातःकाळी स्तोत्राची संथा देणे आरंभिले. मी एकदा म्हणावे, तिने दोनदा. जन्मभर मुखोद्गत असलेले चरण. तेच वाट दाखवतील.

ता. ९
पहिल्याच चरणाला अडली. मी पुन्हा म्हटले, अधिक ठासून. तिच्या डोळ्यांत पाणी. सूनबाई उमा आतून, "अण्णा, पाठशाळा आहे का ही?"

ता. १४
शब्द आला! 'राइट'.
स्पीच थेरपीहून परतताना सिग्नल हिरवा झाला तरी रिक्षा जागची हलेना. सौ. खणखणीत आवाजात, "राइट, राइट!" या कानडी मुलखात कंडक्टर बस सोडताना असेच ओरडतात, शाळेत शिकवायला ती वर्षानुवर्षे बसनेच जाई. रिक्षावाला वळून, "सरी अम्मा, निघालोच!" उमा हसता हसता रडली. मी मात्र... इतके श्लोक सोडून हा?

ता. १७
सगळ्याला तोच शब्द. भात वाढू? "राइट." कोणता हात दुखतो? "राइट", हे तर शब्दशः सत्य. मी बातम्या लावल्या, रिमोट ओढून घेत "राइट!" अर्थात हक्क. आणि माझे निरूपण लांबले की "रा-इ-ट..." हा अर्थ कोणत्याही कोशात नाही, संसारात आहे.
मी दुरुस्त करू गेलो, "भात म्हण. भा-त." थेरपीवाली मुलगी म्हणाली, "अज्जा, चुका काढू नका. त्या बोलतायत. तुम्ही ऐका."

ता. २१
संथा उलटी केली. आसनावर सौ., समोर मी. म्हटले, "आज तू सांग." ती सावरून बसली. मग, "राइट." मी दोनदा म्हटले. तिने सूर बदलला, मीही. पुढचा तिने इतका वर चढवला की माझा आवाज फाटला. ती हसली. आजारानंतर प्रथमच.

ता. २६
संथा रंगली. उत्साहाच्या भरात मी एकेका 'राइट'चा अर्थ सांगू लागलो: हा अनुमतीचा, हा दिशेचा, हा न्यायाचा... सौ.ने डावा हात वर केला.
"साकु!"
कानडीतले 'पुरे'! उमा धावत आली, "अण्णा, तुम्हालाच हो ते!"
"काय म्हणालीस? पुन्हा म्हण ना." तिने ओठ जुळवले. नाही आला. पण या वेळी डोळे कोरडे होते; मलाच हाताने खूण केली, थांब.
उद्या येईल, न येईल. कोणत्या भाषेतला येतो, हे मी आता पाहणार नाही. ज्या घरी कुणाचा शब्द अडला असेल, तेथे तो सुखरूप परतो. आणि हे जो वाचील त्यास, तोवर वाट पाहणारे कान लाभोत.