कान शाबूत असल्याबाबत

ता. ३, मंगळवार, सकाळचे दहा

चि. ढब्बूस,

अनेक आशीर्वाद. सूनबाईंनाही सांग. तुम्ही सगळे खुशाल असाल. मी ठीक आहे, गुडघा कुरकुरतो तेवढंच. हवा कोरडी आहे, पाणी वेळेवर येतं. झाली खुशाली. आता मुद्द्याचं.

चाळिशीच्या माणसाला ढब्बू म्हणू नये हे मला कळतं. पण आज मी रागात आहे आणि रागात मला तुझं दुसरं नाव आठवत नाही.

फोन न करता पत्र का लिहितोय? कारण फोनवर तू ओरडतोस. ‘बाबाऽऽ, जेवलात काऽऽ?’ अरे, रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून ‘जेवलो’ म्हणेल! मी म्हणतो, हळू बोल, ऐकू येतंय. की तू त्याहून मोठ्यानं, ‘काय म्हणालाऽऽत?’ पत्रात ओरडता येत नाही आणि मध्ये तोंडही घालता येत नाही. तेव्हा गुमान शेवटपर्यंत वाच.

पंधरा तारखेला तू येणार, घराला कुलूप घालणार आणि मला उचलून तुमच्याकडे नेणार. ‘ऐकू न येणाऱ्या माणसानं एकट्यानं राहणं धोक्याचं आहे.’ वाक्य तुझं. मला विचारलंस? छे! बहिऱ्याला काय विचारायचं. बैलगाडीतल्या पोत्याला विचारतं का कुणी, कुठं जायचंय म्हणून? वर हुकूम सोडलास, ‘सामान बांधायला घ्या.’

घेतलं बाबा. शनिवारी सकाळी पहिला हात तुझ्या त्या होम थिएटरलाच घातला.

आठवतंय ना कसं लावलं होतंस? अडीच वर्षं झाली. आमचं थिएटर बंद पडलं, मी ऑपरेटरच्या केबिनमधून कायमचा खाली उतरलो, आणि तू तुझा जुना रिसीव्हर, नवा डिस्क प्लेअर, पाच स्पीकर आणि ते धडधडीचं खोकं असं सगळं घेऊन आलास. ‘बाबा, आता घरात थिएटर.’ मग मला शिकवायला बसलास. मला! ज्यानं छत्तीस वर्षं त्या केबिनमध्ये घालवली त्याला! म्हणालास, ‘एका वायरनं आवाज दाबून येतो. हा रिसीव्हर जुना, त्याला नव्या डिस्कवरचा आवाज उलगडता येत नाही. ते काम प्लेअर करणार, आणि सहा वायरींनी सहा वाटांनी आवाज अख्खाच्या अख्खा आत जाणार. स्टुडिओत होता तसा.’ मी शाळेतल्या पोरासारखा मान डोलावत होतो. खोटं कशाला बोलू, हरखलो होतो मी. तुझी आई दारातून म्हणाली, ‘बापलेकांना खेळणं मिळालं एकदाचं.’

तू मारामारीचा सिनेमा लावलास. काचा फुटल्या, मोटारी उडाल्या, भिंत हादरली. तू खूश. कपाट भिंतीला सरकवलंस, ‘मागं हात लावू नका हं’ म्हणालास आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलास.

दुसऱ्या दिवसापासून माझी कटकट सुरू झाली. गाणं छान, घोड्यांच्या टापा छान, पण माणसानं तोंड उघडलं की आवाज गायब. नुसतं खोक्यातून घुं घुं, गोधडीत तोंड खुपसून बोलल्यासारखं. मी फोन केला. तू म्हणालास, ‘बाबा, वय झालं. बोलण्यातले बारीक आवाज आधी जातात.’ मी म्हटलं, अरे, मला बातम्या ऐकू येतात, जिन्यावरची पावलं ऐकू येतात. माणूस मधून बोलतो, पडद्यामागचा मधला स्पीकर बोलतो आणि बाजूचे साथ देतात. इथं मधून काही येतच नाही. यावर तुझं उत्तर काय? ‘बाबा, ते तुमच्या काळातलं.’

माझ्या काळातलं! माणूस तोंडानं बोलतो, यात काळ कुठून आला रे शहाण्या?

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. महिन्याभरात गावभर दवंडी. तुझी आत्या बोलताना माझ्या तोंडासमोर तोंड आणते. किराणावाला माझ्या हातातली यादी घेतो आणि ‘राहू द्या, राहू द्या’ करतो. शेजारचे वकील तर हातवारे करतात. परवा त्यांनी पाण्याची मोटर बिघडल्याचं असं काही करून दाखवलं की मला वाटलं पोटात कळ आली, मी ओवा द्यायला निघालो. मग तू ते कानात घालायचं यंत्र पाठवलंस. घातलं मी. पंखा हेलिकॉप्टरसारखा वाजायला लागला. काढून ठेवलं, तर ‘बाबा हट्टी आहेत.’

तर शनिवारी कपाट ओढलं. एकट्यानं ओढलं, गुडघ्याच्या नानाची टांग. मागं वाकून बॅटरी मारली. रिसीव्हरच्या पाठीवर त्या सहा वायरींची सहा भोकं, त्यातली दोन एकाखाली एक, दोन्ही काळी. वरचं मधल्या स्पीकरसाठी, खालचं धडधडीच्या खोक्यासाठी. आणि तुझ्या वायरी? वरची खाली, खालची वर.

अडीच वर्षं, ढब्बू! अडीच वर्षं माणसांचं सगळं बोलणं तू त्या खोक्यात कोंबत होतास, ज्याला धाड आणि धूड यापलीकडे काही येत नाही. आणि जो आवाज खोक्याचा, तो बिचारा मधल्या स्पीकरात खोकत बसला होता. चिकटवलेल्या चिठ्ठ्यासुद्धा होत्या वायरींवर, तुझ्याच अक्षरातल्या. तेवढंही वाचलं नाहीस. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. तू तर अंगणाला डॉक्टरकडे धाडायला निघालास!

दोन वायरी काढल्या, अदलाबदल केली. दहा सेकंदांचं काम. मग तो कोर्टातला सिनेमा लावला, ज्यात म्हातारा न्यायाधीश सावकाश बोलतो. बरोब्बर मधून बोलला. खणखणीत. बोलता बोलता आवंढा गिळला तोही ऐकू आला. मी मोठ्यानं म्हणालो, ‘अगं, ऐक, ऐक!’

तिला जाऊन आठ महिने झाले हे एक क्षण विसरलो होतो. मग बंद केलं.

काल कानांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीक टिक् आली की दाबायचं. मी पटापट दाबत होतो. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, ‘आजोबा, वयाच्या मानानं कान झकास आहेत. तुम्हाला बहिरं ठरवलं कुणी?’ म्हटलं, घरच्या इंजिनिअरनं.

अहवाल सोबत जोडला आहे. फ्रेम कर आणि तुझ्या टीव्हीच्या वर लाव. मी कुठंही येत नाही. सामान बांधलेलं नाही. पोती उचलायची हौस असेल तर दुसरीकडं बघ.

कळावे,
बाबा

बुधवार, सकाळ

पाकीट चिकटवलं नव्हतं ते बरं झालं.

काल पत्र लिहून गार वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तुझ्यावरचा राग खरा आहे, त्यातला एक शब्द मागे घेत नाही. पण वायरींची बोंब ठोकून मी दुसरंच झाकतोय हे मलाच दिसायला लागलं. चोराच्या उलट्या बोंबा. तेव्हा आता पुढचं वाच, आणि बसून वाच.

पहिल्याच आठवड्यात मला वायरींचा संशय आला होता. मधला आवाज नाही म्हणजे मधली वायर चुकली, हे आमच्या केबिनमधला झाडूवालाही सांगेल. मग अडीच वर्षं कपाट का ओढलं नाही? तू ‘हात लावू नका’ म्हणालास म्हणून? मी तुझं कधीपासून ऐकायला लागलो!

आधी हट्ट म्हणून. चूक त्याची, त्यानंच येऊन निस्तरावी. मग सोय म्हणून. बहिरं असणं फार सोयीचं असतं रे. ‘अहो, दोरीवरचे कपडे काढा.’ ऐकू आलं नाही. ‘अहो, बेल वाजतेय.’ ऐकू आली नाही. ती उठायची, आपणच करायची. लेकानं शिक्का मारून दिलाय, मग बायको काय बोलणार?

तिला ठाऊक होतं. मुद्दाम ओट्यापाशी उभं राहून पुटपुटायची, ‘चहा घेणार का?’ मी म्हणायचो, ‘हो.’ मग दारात येऊन कमरेवर हात, ‘हे बरं ऐकू आलं!’ आणि हसायची. तुला कधी बोलली नाही. माझं खोटं तिनं सांभाळलं.

त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले होते. मी सिनेमा लावून बसलो होतो. ती आंघोळीला गेली होती. तिनं हाक मारली, ‘अहो.’ मला वाटलं, टॉवेल विसरली. पुन्हा म्हणाली, ‘अहो, जरा या हो.’ म्हटलं, सिनेमातला एवढा प्रसंग होऊ दे. तिसऱ्यांदा नुसतं ‘अहो’, अगदी हळू, चहाचं विचारायची तसं.

तिन्ही हाका मला ऐकू आल्या. ढब्बू, तिन्ही. आणि मी आवाज दोन घरं वाढवला.

सिनेमा संपल्यावर उठलो. चाळीस मिनिटं झाली होती. दार लोटलेलं होतं, आत ती फरशीवर. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, ‘अर्धा तास आधी आणायला हवं होतं.’ तू फोनवर होतास, तूही ऐकलंस. संध्याकाळी आलास, माझ्या पाठीवर हात ठेवलास आणि जमलेल्या सगळ्यांना सांगितलंस, ‘बाबांना ऐकू आलं नसणार. त्यांचा काही दोष नाही.’ लोकांनी डोळे पुसले. मी मान खाली घातली आणि गप्प बसलो. ते शब्द माझे नव्हते, तू दिलेस. पण घेतले मी, दोन्ही हातांनी. लाज वाटते सांगायला.

त्यानंतर त्या कपाटाकडे मी फिरकलोही नाही. वायर उलटी होती तोवर मी बहिरा होतो, आणि बहिऱ्याला कुणी विचारत नाही. तू जर सामान बांधायला लावलं नसतंस तर मरेपर्यंत हात लावला नसता. म्हणून तर तुझा एवढा राग आला. गाढवा, धड बहिरंही राहू दिलं नाहीस.

त्या काचेच्या खोलीत बसलो तेव्हा वाटलं होतं, ऐकू येऊ नये. खरंच वाटलं होतं. निम्मे आवाज सोडून द्यावेत, बटण दाबूच नये, बाईंना काय कळणार? पण बारीक आवाज आला की अंगठा आपसूक दाबायचा. छत्तीस वर्षांची सवय आहे कानांना. प्रत्येक वेळी दाबलं. आणि प्रत्येक वेळी ती हाक मारतेय असं वाटलं.

तेव्हा काल जे ठणकावून लिहिलं की मी येत नाही, ते खोड. ते ठरवायचा हक्क मला राहिलेला नाही. तू एका बहिऱ्या बापाला न्यायला निघाला होतास, तो माणूस इथं नाहीच. जो आहे त्याला न्यायचं की इथंच सोडायचं, की त्याचं तोंड पाहायचं नाही, ते तू ठरव. आत्याला सांगायचं तर सांग. मी कानांवर हात ठेवणार नाही.

एकच मागणं आहे. अडीच वर्षं तू माझ्यावर ओरडतोयस ते मला ऐकू येत नाही म्हणून. आता एकदा ऐकू येतं म्हणून ओरड. आईचा मुलगा म्हणून ओरड. मी मध्ये बोलणार नाही.

पंधराला काय ठरेल ते ठरो, पण ये. दार आतून लावलेलं असेल. बेल एकदाच वाजव. मला ऐकू येईल, आणि मी उठेन.

तुझा,
सगळं ऐकू आलेला
बाप

सोबत : कानांच्या तपासणीचा अहवाल, एक पान. तो फ्रेम करू नकोस.