सौनाच्या चुलीचं दार

कुओपिओ,
९ मार्च

चि. हिल्कास ओइवादादाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या सौनाच्या चुलीचं लोखंडी दार मी काढून आणलंय, शोधत बसू नकोस. रविवारी निखारे लाल असताना तू धुराड्याची झडप बंद केलीस, विषारी वायू आत कोंडला, आणि तू वाफ घ्यायला आत जाऊन बसलीस. मी डोकावलो नसतो तर हे पत्र कोणाला लिहिलं असतं? तू म्हणालीस, झडप उघडी आहे असंच वाटलं. डोक्याला मार लागल्यापासून तुझं हे असंच चाललंय.

फोन तू उचलत नाहीस. मी त्यावर निरोप बोलून ठेवतो, ते तरी ऐकत जा.

इथे मदतनीसांची सोय असलेल्या इमारतीत एक खोली रिकामी होतेय. जेवण वेळेवर, चुलीचा प्रश्नच नाही. तळ्याकाठचं घर बंद करू. तुझे निर्णय माझ्या हाती द्यावेत असा अर्ज मी जुलैत कोर्टात करणार आहे. तुझी वहिनी सिर्का म्हणते, घाई करू नका. तिचं काय जातंय, भाऊ मी आहे.

लोभ आहेच, तुझ्याकडूनही येऊ दे.

तुझा,
ओइवादादा


तळ्याकाठून,
२१ एप्रिल

ती. ओइवादादास शि. सा. न. वि. वि.

दार कोरड्या जागी ठेव, गंजेल. बाकी, विसरायची सवय तुझी माझ्यापेक्षा जुनी आहे. मी कोणाच्या छपरावरून पडले, ते तुझ्या पत्रात कुठेच नव्हतं. तुझ्या कॉटेजवर बर्फ साचला होता, तू स्पेनमध्ये उन्हात पाय पसरून बसला होतास, आणि फोनवर म्हणालास, हिल्का, जरा बघशील का. मी बघितलं. हॉस्पिटलात स्वतःचं नाव आठवत नव्हतं, तेव्हाही तुझं हे वाक्य आठवत होतं.

आता बातमी. पुनर्वसन केंद्रातल्या मेर्वीने मला गळ्यात घालायची एक डबी दिलीय. तिच्या जोडीची छोटी यंत्रं घराच्या दाराला, शेगडीला, सौनातल्या झडपेलासुद्धा चिकटवलीत. काही राहिलं की डबी बोलते. आधी मेर्वीने स्वतःचाच आवाज भरला होता. हिल्काताई, कॉफी उतरवता का, इतकं गोड की मी हो म्हणायचे आणि बसून राहायचे. भांडं जळून कोळसा. मेर्वी म्हणाली, असा आवाज हवा की ऐकल्याबरोबर तुम्ही उठाल. मला एकच आवाज आठवला. कोणाचा ते आलास की कळेल. त्यानंतर भांडं जळलेलं नाही.

जूनमध्ये युहानुसच्या सणाला ये, दार घेऊन. सौना मी तापवीन. वरच्या, सगळ्यात गरम फळीवर तू बसायचंस.

आशीर्वाद पुरे झाले, दार असावे.

तुझी,
हिल्का


कुओपिओ,
२ मे

चि. हिल्कास आशीर्वाद.

येतो. पण पैज अशी, की मी बोटसुद्धा लावणार नाही. एक गोष्ट चुकलीस तर बॅग भरून माझ्या गाडीत बसायचं. जमलं तर अर्ज तुझ्या हातात. सॉसेज मी आणतो, ते तरी कच्चे राहायला नकोत.

तुझ्या हट्टासह तुला लोभ.

ओइवादादा


तळ्याकाठून,
२७ जून

सौ. सिर्कावहिनीस हिल्काचा सप्रेम नमस्कार.

कंबरेने तुला घरी बसवलं, त्यामुळे दादाने काय सांगितलं असेल ते मी ओळखून आहे. उन्हाने चक्कर आली, असंच ना? आता खरं ऐक, आणि हे पत्र त्याला मोठ्याने वाचून दाखव.

दार मी बसवलं, लाकडं रचली. काडी ओढणार तेवढ्यात डबी दादाच्या आवाजात म्हणाली, झडप उघडलीस का, नसशीलच उघडली. दादा अंगणात खुर्चीवर होता. स्वतःच्या आवाजाने दचकून त्याने मागे वळून पाहिलं. फोनवरचे त्याचे सगळे निरोप मेर्वीने कापून कापून डबीत भरलेत. वहिनी, तो आवाज आला की माझं डोकं काही म्हणो, हात चालतात. उघडली रे, असं म्हणत मी झडप उघडली आणि मगच काडी ओढली. ही फसवणूक आहे, असं तो म्हणाला. मी विचारलं, तू चष्मा लावून पेपर वाचतोस ती काय मग?

आत गेलो. डबी बाहेर खुंटीला, उष्णतेने बिघडते म्हणून. चुलीवरच्या तापल्या दगडांवर पाणी मी ओतत होते. दगड फुसफुसले, की पुन्हा ओतायचे. दादाचे कान बीटासारखे झाले, पण मोठा भाऊ ना, उठणार कसा. लहानपणापासून आधी मीच पळायचे. मग ठरवून दिलेली वेळ भरली आणि बाहेरून डबी ओरडली, बास झालं, बाहेर ये, तुला झेपणार नाही.

आणि दादा उठला. स्वतःचंच ऐकून उठला, थेट तळ्यात. मी आणखी एक ओगराळं ओतलं आणि एकटीच बसले. इतकं निर्धास्त बसायचं सुख मला पडल्यापासून सव्वा वर्ष मिळालं नव्हतं. बाहेर आल्यावर निखारे पार विझेपर्यंत झडपेला हात लावला नाही. दादा टॉवेल गुंडाळून बघत बसला होता.

अर्ज त्याने माझ्या हातात ठेवला. सॉसेजखालचा जाळ त्यावरच पेटवला.

निघताना म्हणाला, आता माझा आवाज काढून टाक, मी काही इतका वाईट नाही. मी म्हटलं, नाही काढणार. रोज सकाळी तू म्हणायचं हिला जमणार नाही, आणि रोज मी तुला खोटं पाडायचं. मरेपर्यंत.

सोबत मेर्वीकडची जुनी डबी पाठवतेय, दादासाठी. पहिला बर्फ पडला की त्याच्या गळ्यात घाल. माझ्या आवाजात एकच निरोप आहे. दादा, छपरावर बर्फ साचलाय, शिडी लाव. खाली धरायला कोणी उभं आहे का, ते आधी बघ. मला नव्हतं.

तुझ्यावर लोभ आहेच. त्याच्याबद्दल बर्फ पडल्यावर बघू.

तुझी,
हिल्का