दुपारी दीडची डिस्क

मंगळवार, २२ एप्रिल

सगळं बदललं ते आज दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी. आंब्याचं ऑनलाइन बुकिंग पुन्हा गोठलं, मुंबईहून फोनावर फोन — आणि मी तेजस्वीवर ओरडलो. मालकांसमोर, आमच्या टीमचे प्रमुख सुशांतदादा यांच्यासमोर. "तुझ्या कोडमुळे होतंय हे. जामसंड्याला घरी जाऊन पेट्या भर!" जिच्यासाठी रोज अर्धा तास आधी ऑफिसात येतो, तिच्यावर.

तिने डबा बंद केला, पिशवी उचलली आणि गेली. मग तिच्या खुर्चीवर ऊन आलं. ते सरकेपर्यंत बघत बसलो.

कॉलेजात सरांवर असाच भडकलो आणि दुसऱ्या वर्षातच बाहेर पडलो. राग आधी, डोकं मागून.

बुधवार, २३

आली नाही. दादांना तिचा मेसेज — शनिवारी पुण्याला निघते, तिकडची नोकरी घेते.

"आता तूच निस्तर," दादा म्हणाले.

खरं मशीन एकच. त्याच्या पोटात चार व्हीएम, म्हणजे आभासी मशीनं — बुकिंग, होमस्टे, हिशेब, बॅकअप. प्रत्येकाला वाटतं, सगळं घर आपलंच. बुकिंगला मेमरी दुप्पट दिली. प्रोसेसर वाढवले. फरक शून्य. प्रोसेसर तर रिकामाच, नुसता डिस्ककडून उत्तर यायची वाट बघतोय.

मीही.

गुरुवार, २४

शेवटी मोजलं. दर पाच मिनिटांनी बुकिंगच्या व्हीएममधून एक छोटी फाईल डिस्कवर लिहायची, किती वेळ लागतो बघायचं. सकाळभर पाच मिलिसेकंद. दीड वाजला — आठशे. नऊशे. चारला पुन्हा पाच.

मसुऱ्याला मामाकडे चार घरांत एक विहीर, एकच रहाट. एका घरी लग्नाचे हंडे भरायला घेतले की बाकीचे कळशी घेऊन उभे. घरात बसून कळत नाही पाणी का येईना. विहिरीवर जाऊनच बघावं लागतं. म्हणजे व्हीएमच्या आतून नाही, खालच्या खऱ्या मशीनवरून.

उद्या बघेन. आत्ता डोळे मिटले की रहाट दिसतो, आणि दोर धरून ती.

शुक्रवार, २५

सकाळीच खालच्या मशीनवरची कालची नोंद बघितली. दीडला सगळी डिस्क अडवून बसतो तो बॅकअप. सगळ्याची प्रत काढत असतो. ती वेळ लावली कोणी? मी. जानेवारीत. का, तर दीड ते चार मालवण झोपतं, दुकानं बंद, डिस्क मोकळी. पण तेव्हाच मुंबईचा चाकरमानी डबा खाऊन मोबाईलवर आंबे मागवतो — हे डोक्यातच आलं नाही.

तिच्या कोडमध्ये खोट नव्हतीच.

बॅकअप पहाटे तीनवर नेला, वेगालाही मर्यादा घातली.

१.४० — पाच मिलिसेकंद. एकही फोन नाही. खिडकीबाहेर झावळ्या हलतायत, तेवढंच ऐकू येतंय. तिचा नंबर काढला. फोन ठेवून दिला. ओरडलो तोंडावर, माफी फोनवर कशी मागू?

शनिवार, २६, सकाळ

दादांना सांगितलं, चूक माझी. ते चहा ढवळत राहिले.

"माका ठावक आसा. ता तेजस्वी सोमवारीच बॅकअपचा सांगान गेला. म्हणाला, दादा, कौस्तुभाक सांगा नकात, तेचा तेकाच सोधूंदेत. सांगलात तर कॉलेजासारख्या ह्याय अर्ध्यार टाकून जायत. मंगळवारी तू आरडलस तेवा मी तोंड उघडणार होतंय, तर तिणा मान हलवन नको म्हटल्यान."

तिची पुण्याची गाडी अकराला, जामसंड्याहून. इथून जामसंड्यावरून जाणारी देवगड एसटी साडेआठला. आठ वीस झालेत. वही टेबलावरच राहू दे. दार ओढून घेतो.