दहावा माणूस रांगेत

ती. मामा,

भाच्याचा शालोम आणि वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामीचा खोकला थांबला का? आम्ही सगळे ठीक, माझी अब्रू तेवढी जरा आजारी आहे.

भाषणाची माझी खोड तुम्ही जाणताच. गेल्या शनिवारी शब्बाथची प्रार्थना संपल्यावर मी उभा राहिलो आणि मत देणं हा मित्झ्वाच आहे, म्हणजे देवाने नेमून दिलेलं काम, असं सगळ्यांना ऐकवलं. आपल्यात दहा पुरुष जमल्याशिवाय गेलेल्या माणसासाठीचं कादिश म्हणता येत नाही, नऊ पुण्यवानही दहाव्यासाठी खोळंबतात, तेव्हा माझ्या एकट्याच्या मताने काय होतंय असं कुणी म्हणू नये, हे मी टेबलावर मूठ आपटून सांगितलं. (टेबल तेव्हापासून डुगडुगतंय.)

मतदानाच्या दिवशी मी दुपारपासून शाळेतल्या केंद्रावर रांगेत. त्याच दिवशी शिंप्याच्या वडिलांना जाऊन वर्ष झालं होतं आणि सूर्य मावळायच्या आत कादिश व्हायला हवं होतं. सिनेगॉगमध्ये नऊ जण जमले. दहावा कोण, ते सांगायला नकोच. मी रांगेत आहे हे मीच जगभर सांगितलेलं, त्यामुळे नऊही जण मला शोधत तिथे आले. फाटकावरच्या अधिकारी बाईंनी रांगेत उभं राहणार असाल तरच आत या म्हणून बजावलं, तेव्हा सगळे मुकाट माझ्यामागे उभे राहिले. किती जण आहात, असं बाईंनी विचारलं. आता माणसं मोजायची नाहीत ही आपली रीत. प्रार्थना चालवणारे आपले हज्जानसाहेब नेहमीप्रमाणे सुरू झाले, एक नाही, दोन नाही, तीन नाही, ते थेट दहा नाहीपर्यंत.

"मग इथे आहे तरी कोण?" बाई म्हणाल्या.

शिंपी पुढे झाला. "बाई, बापासाठी चार शब्द म्हणायचेत. ऊन गेलं की राहूनच जाईल."

बाईंनी उन्हाकडे पाहिलं आणि प्रचार नसेल तर हळू आवाजात म्हणा म्हणाल्या. आम्ही भिंतीशी उभं राहून म्हटलं. (रांगेतल्या पुढच्या आजोबांनीही आमेन म्हटलं आणि मग हा कुठला पक्ष म्हणून चौकशी केली.) शिंप्याने शेवटचं आमेन दोनदा म्हटलं. मामा, मला रडू आलं.

माझी पाळी आली तेव्हा कळलं की आमच्या रस्त्याचं केंद्र समोरच्या वाचनालयात आहे. तिथलं फाटक तोवर वेळ संपून बंद झालं होतं. मागचे नऊ मात्र याच केंद्राचे निघाले. एरवी घरी बसले असते, ते शाई मिरवत बाहेर आले.

आपला बिनमताचा भाचा

ता. क. माझ्या बोटावरची शाई पेनची आहे. तुमच्या भाचेसुनेला एवढ्यात सांगू नका.

आणखी ता. क. खरं लिहायचं ते राहिलंच. कोटाच्या बाहीवरून तुम्ही शिंप्याशी बोलणं टाकलंत आणि सिनेगॉगला येणंही. परवा तुम्ही असतात तर माझ्यावाचून कुणाचं अडलं नसतं. परतताना शिंपी म्हणाला, "आधी तुझ्या मामांकडेच गेलो होतो रे. दार वाजवायचा धीर झाला नाही." मलाही तोंडावर बोलायचा होत नाही, म्हणून एकाच जिन्यावर राहून हे पत्र दाराखालून सरकवतोय. शनिवारी तोच कोट घालून या. बाही आखूड असली तरी माणूस दहांत धरतात.